ओळख पटू नये म्हणून

वकिलाने 'थेंब' या शब्दावर लाल रेघ मारली आणि वरच्या मोकळ्या जागेत बारीक अक्षरात 'भुकटी' लिहिलं.

टेबलापलीकडे बसलेल्या डॉक्टरबाईंनी मान वाकडी करून ते उलट बाजूने वाचलं.

"भुकटी कुठून आली?" त्या म्हणाल्या. "थेंब देतात ते. जिभेखाली सात-सात थेंब. बाटली मी स्वतः पाहिली आहे."

"म्हणूनच. मधुमेहावर थेंब देणारं केंद्र शहरात एकच आहे. भुकटी देणारं एकही नाही. म्हणजे कोणी उठून 'हे आमच्याबद्दल आहे' असं म्हणू शकणार नाही."

"पण हे त्यांच्याबद्दलच आहे."

"ते तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. तेवढं पुरे."

डॉक्टरबाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि पदराच्या टोकाने उगाचच पुसत राहिल्या. चाळीस वर्षं मधुमेहाचे रुग्ण तपासून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि आता या साप्ताहिकाचं आरोग्याचं पान लिहायच्या. वकील दर बुधवारी दुपारी यायचा. छपाईला जाण्याआधी अंकातला शब्द न् शब्द त्याच्या नजरेखालून जायचा. त्याला दिलेल्या खोलीची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडत असे, त्यामुळे तिथे दुपारीही दिवा लावावा लागे. कचेरीत त्याला मागे 'कात्री' म्हणत. त्याला ते ठाऊक होतं. एकदा नव्या शिपायाने तोंडावरच 'कात्रीसाहेब' म्हटलं तेव्हा सगळे गप्प झाले होते आणि तो एकटाच हसला होता.

केंद्राचं नाव पहिल्या परिच्छेदात तीनदा आलं होतं आणि तिन्ही वेळा त्याने खोडलं होतं. (ते या गोष्टीतही येणार नाही. गोष्ट सांगणाऱ्यालाही घरदार आहे.) पण नुसतं नाव काढून भागत नाही, हे तो सव्वीस वर्षं सगळ्यांना सांगत आला होता. वाचणाऱ्याला ओळख पटली की झालं, मग नाव असो की नसो. म्हणून त्याने निळ्या इमारतीची जुनी इमारत केली. मंगळवार आणि शुक्रवारचा रविवार केला. केंद्राचा प्रमुख पूर्वी पोहायला शिकवायचा, ही ओळ तर डॉक्टरबाईंनी मोठ्या आवडीने लिहिलेली होती. ती त्याने सबंध उडवली.

चौथ्या पानावर त्याची पेन्सिल थांबली. तिथे लिहिलं होतं: 'पहिल्याच भेटीत रुग्णाकडचं साखर तपासायचं यंत्र केंद्रात जमा करून घेतात. आकडे बघून मनावर ताण येतो आणि ताणाने साखर वाढते, असं त्याला सांगतात.'

"हे सांगणारे किती?" त्याने विचारलं.

"दोघं."

"कोर्टात येतील?"

डॉक्टरबाईंनी चष्मा परत चढवला. "एका बाईंची नजर गेली आहे. त्यांच्या मुलाला आता कसलीच कटकट नको. दुसरे गृहस्थ आहेत, पण त्यांना अजून वाटतं की चूक त्यांचीच झाली. थेंब वेळेवर घेतले नाहीत म्हणे."

"मग ही ओळ जाईल."

"वकीलसाहेब, तुम्ही थेंबांची भुकटी करा, मंगळवारचा रविवार करा, मी काही बोलत नाही. एवढी एक ओळ ठेवा. माणूस तिथे फसतो. यंत्र हाताशी असलं तर तो आठ दिवसांत आपला आपण परत फिरतो."

"सगळ्यात जड ओळ तीच आहे. लोकांची वस्तू काढून घेतात, असा तिचा अर्थ होतो. साक्षीदार नाही, कागद नाही. उद्या त्यांनी दावा लावला तर मी कोर्टात काय दाखवू?"

"म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. आणि तो खायचा पेशंटनी."

"लेख छापून येतो आहे ना, डॉक्टर?"

त्याने हे चिडून म्हटलं नव्हतं. चिडायला लागते तेवढी ताकद त्याच्यात उरलेली नव्हती. सहा वर्षांपूर्वी याच साप्ताहिकाने एका चुंबकवाल्याबद्दल नावानिशी लिहिलं होतं. मुलांच्या कानामागे चुंबक चिकटवून दमा घालवणारा गृहस्थ. लेखातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. ते खरं आहे हे दाखवता दाखवता चार वर्षं आणि एकेचाळीस तारखा गेल्या आणि शेवटी त्या गृहस्थाने दावा मागे घेतला. कोणी हरलं नाही, कोणी जिंकलं नाही. तोवर साप्ताहिकाची आठ पानं कमी झाली होती आणि लेख लिहिणारी बातमीदार आता लोकांना मोटार चालवायला शिकवते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे सगळ्यांनाच पाठ असतं. वकिलाचं म्हणणं एवढंच होतं की पायरी आपण चढत नाही, आपल्याला ओढून नेतात. दुधाने तोंड पोळल्यावर तो ताक फुंकून पीत होता, आणि अलीकडे तर पाणीसुद्धा.

डॉक्टरबाईंनी उठून पिशवी खांद्याला लावली. दारात त्या एकदा वळल्या आणि गेल्या. त्याने चौथ्या पानावरच्या त्या ओळीवर रेघ मारली आणि पाचवं पान पुढे ओढलं.

लेख त्या शुक्रवारी छापून आला. दावा आला नाही. संपादकांनी पुढच्या बुधवारी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "साप मेला आणि काठी शाबूत."

*

वकिलाची बहीण त्याच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहायची. नऊ वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही, आणि त्याबद्दल कोणी विचारलं तर 'वेळ झाला नाही' म्हणायची. तिने बत्तीस वर्षं जमीन मोजणीच्या कचेरीत नकाशे काढले होते. आईच्या माघारी तिनेच त्याला वाढवलं, शिकवलं आणि त्याची बायको गेल्यावर रविवारचं जेवण आपल्याकडेच, असं बजावून सांगितलं. त्याचं वय सत्तावन्न झालं तरी ती त्याला बाळच म्हणे.

लेख छापून आल्याला सात आठवडे झाले होते. मधले काही रविवार त्याचे कामात गेले होते. त्या रविवारी तिने दार उघडलं तेव्हा ती बारीक झाल्याचं त्याला जाणवलं.

"वजन उतरवलंस की काय?"

"बघ ना. दोन ब्लाउज उसवून परत शिवले," ती खुशीत म्हणाली.

ती स्वयंपाकघराकडे वळली तेव्हा त्याने तिची चाल पाहिली. एका पायात चप्पल होती, दुसऱ्यात ढगळ मोजा.

"पायाला काय झालं?"

"बूट चावला. तू हात धू."

त्याने पाण्यासाठी फ्रीज उघडला. दाराच्या वरच्या खणात इन्सुलिनचा डबा ठेवायची तिची बारा वर्षांची सवय होती. तिथे आता निळ्या चिठ्ठीची एक छोटी बाटली उभी होती. बुचाला रबरी फुगा होता, थेंब काढायला. चिठ्ठीवरचं नाव त्याने एकाच दुपारी तीनदा खोडलेलं होतं.

फ्रीजचं दार उघडं ठेवून तो तसाच उभा राहिला. आतला गार वारा त्याच्या पोटाला लागत होता.

"ताई, हे कुठून आणलंस?"

"मिळालं का तुला? सांगणारच होते. तुला आधी सांगितलं असतं तर तू कोर्ट भरवलं असतंस, म्हणून तीन महिने पुरे होईपर्यंत थांबणार होते." ती हात पुसत आली. "आणि मी काही डोळे मिटून गेले नाही हं. थांब."

तिने कपाटातून एक फाइल आणली. आत तो लेख होता, कडा पट्टीने धरून कापलेला, जाड कागदावर चिकटवलेला. शेजारी पेन्सिलने, नकाशावर गावांची नावं घालताना काढतात तसल्या रेखीव अक्षरात, चार ओळी होत्या. लेखात भुकटी, आपल्याकडे थेंब. लेखात रविवार, आपल्याकडे मंगळवार आणि शुक्रवार. लेखात जुनी इमारत, आपली नवी, निळी. आपल्याकडे यंत्र जमा करतात, लेखात त्याचा उल्लेखही नाही.

"एकही खूण जुळत नाही," ती म्हणाली. "तुमच्या डॉक्टरबाईंनी एवढं बारकाईने लिहिलंय. यंत्रासारखी गोष्ट त्या सोडणार होत्या का? आधी मलाही शंका आली होती. शेजारणीने जाहिरात आणून दिली ना, तेव्हा मी चार दिवस ठरवत होते. मग हा लेख आला आणि माझं मन स्वच्छ झालं."

वकील खुर्चीवर बसला. ताटात तिने वाढलेलं होतं, त्यातून वाफ येत होती.

"ताई, हे तेच केंद्र आहे."

"कशावरून?"

"मला माहीत आहे."

"मग तसं छापलं का नाही?"

त्याने ताटाकडे पाहिलं. "छापताना काहीतरी गडबड झाली असेल."

"तुमच्याकडे?" ती हसली. "तू तपासतोस ना सगळं? अरे, तू तपासलेलं असतं म्हणून तर मी विश्वास ठेवला."

तेव्हाच सांगायला हवं होतं. नंतर कितीतरी वेळा त्याने ती दुपार मनात परत उभी केली आणि प्रत्येक वेळी तो सांगून मोकळा झाला. प्रत्यक्षात त्याने सांगितलं नाही. त्याला लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली, आई रागावेल म्हणून लहान पोराला वाटते तशी.

"मोजा काढ," तो म्हणाला.

मोजा काढताना तिचा चेहरा जराही बदलला नाही. दुखत नव्हतं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं पडलं होतं, आणि वास आला तेव्हा त्याने ताटावरून उठून खिडकी उघडली.

"विष बाहेर पडतंय," ती त्याला समजावत म्हणाली. "पायावाटे पडतं. त्यांनी आधीच सांगितलं होतं."

त्याने तिच्याशी वाद घातला नाही. थेंबांबद्दल बोलूच नये, फक्त पायाबद्दल बोलावं, एवढी अक्कल त्याला त्या क्षणी सुचली. बूट चावलेली जखम आहे, नुसती पट्टी बांधून आणू, असं सांगून त्याने तिला गाडीत घातलं. इस्पितळात रक्त तपासलं तर साखर चारशे ऐंशी निघाली. गुरुवारी सकाळी दोन बोटं काढली.

*

"सोमवारी सोडणार आहेत," शुक्रवारी बहीण म्हणाली. पाय उशीवर होता, त्याला पांढरं गाठोडं बांधलेलं. "म्हणजे मंगळवार काही जमणार नाही. पुढच्या शुक्रवारी जाईन."

"कुठे?"

"केंद्रात. माझे सात आठवडेच झालेत, पाच राहिले. मधेच सोडलं की उलटतं."

वॉर्डातल्या तरुण डॉक्टरने तिला सकाळीच खडसावलं होतं. कचेरीत वरिष्ठांचं ऐकून घ्यावं तसं तिने ते अदबीने ऐकून घेतलं होतं. इन्सुलिनची सुईही ती निमूट टोचून घेत होती. लोकांच्या घरी आपल्या आवडीनिवडी काढू नयेत, अशी तिची रीत होती. घरी गेल्यावर ती आपलं तेच करणार होती.

"ताई, तो लेख त्याच केंद्राबद्दल आहे. मी शपथ घेऊन सांगतो."

"तुझी शपथ नको. तू घाबरला आहेस, मला दिसतंय." तिने त्याच्या हातावर हात ठेवला. "पण बाळ, छापलेल्यात आणि तोंडी बोलण्यात फरक असतो. हे तूच मला शिकवलंस."

परिचारिका गोळ्या घेऊन आली तेव्हा तो बाजूला झाला. खाली उतरताना लिफ्ट न घेता तो चार मजले पायाने उतरला. पाच आठवडे. एका पायाची दोन बोटं गेलीच होती, दुसरा पाय होता, डोळे होते.

मूळ लेखाच्या प्रती संपादकांच्या खोलीत लोखंडी कपाटात ठेवलेल्या असत. दावा आला तर लागतील म्हणून. त्या खोलीबाहेर न्यायच्या नाहीत, हा नियम खुद्द वकिलाने घालून दिलेला होता.

संपादक अंकाची पानं चाळत होते. त्याला पाहून त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"ताई कशा आहेत?"

"दोन बोटं गेली. मला डॉक्टरबाईंच्या लेखाची मूळ प्रत हवी आहे. थेंबवाल्या लेखाची."

"इथे बसून बघा."

"बाहेर न्यायची आहे. ताईला दाखवायला."

संपादकांना समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर त्यांनी हातातली पानं खाली ठेवली.

"त्या तिथे जात होत्या?"

"लेख वाचून गेली. खुणा पडताळून पाहिल्या. एकही जुळली नाही."

बाहेर छपाईखान्यात कोणीतरी कागदाचे गठ्ठे जमिनीवर आपटत होतं.

"त्या प्रतीवर त्यांचं नाव आहे," संपादक म्हणाले. "वर तुमचं अक्षर. ती कोणाच्या हाती पडली तर लेख कोणाबद्दल होता याचा आपणच त्यांना पुरावा दिल्यासारखं होईल. मग सात आठवड्यांपूर्वी जे टळलं ते दारात उभं राहील. हे मी तुम्हाला सांगावं?"

"नको. मला पाठ आहे."

"मला दुसरा चुंबकवाला झेपायचा नाही हो. तुम्हालाही नाही झेपायचा."

"नाही झेपायचा," वकील म्हणाला.

संपादक उठले. थकलेल्या माणसाला उठायला लागतो तेवढा वेळ त्यांना लागला. खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून त्यांनी टेबलावर ठेवला, जणू तो खिशात टोचत होता म्हणून काढला.

"मी चहा घेऊन येतो," ते म्हणाले आणि दार लोटून गेले.

*

शनिवारी भेटीच्या वेळेला वॉर्डात गर्दी होती. बहिणीच्या खाटेला खिडकीजवळचा कोपरा मिळाला होता. वकिलाने पडदा अर्धा ओढून घेतला आणि पाकिटातून पानं काढून तिच्या मांडीवर ठेवली.

"हा डॉक्टरबाईंचा मूळ लेख. त्यांनी लिहिला तसा. लाल आहे ते माझं."

तिने उशाखालून चष्मा काढला. पहिलं पान तिने दोनदा वाचलं. नाव खोडलेलं होतं, पण रेघेखालून स्वच्छ वाचता येत होतं. 'थेंब'वर तिचं बोट आलं, मग वरच्या 'भुकटी'वर गेलं, मग परत खाली. निळी इमारत. मंगळवार. पोहायला शिकवणाऱ्यापाशी ती क्षणभर थांबली.

"हो, ते पोहायला शिकवायचे," ती स्वतःशीच म्हणाली. "स्वतःच सांगतात."

चौथ्या पानावर ती बराच वेळ होती. वकील तिच्या बोटांकडे पाहत राहिला. बत्तीस वर्षं टाक धरून मधल्या बोटाला पडलेला घट्टा अजून गेला नव्हता.

"यंत्राचं डॉक्टरबाईंनी लिहिलं होतं."

"हो."

"आणि तू काढलंस."

"हो."

"का?"

"साक्षीदार नव्हते."

"मी होते की," ती म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं की तेव्हा ती अजून तिथे गेलीच नव्हती. तिने पानं सरळ केली, कडेला कडा जुळवली.

"आमच्याकडे एखादी विहीर नकाशात दाखवायची राहिली ना, तर साहेब बोल लावायचे. राहते कधी कधी, माणूस आहे. पण असलेली विहीर कोणी दुसरीकडेच दाखवली, तर त्याला घरी पाठवायचे. दुसऱ्या दिवशी त्याच्या टेबलावर दुसरा माणूस असायचा."

"ताई, मी..."

"ओरडत नाहीये मी तुझ्यावर." पण तिने हात त्याच्या हातावर ठेवला नाही. "माझ्या घरी जाऊन ती बाटली फेकून दे. आणि इन्सुलिन आणून ठेव, मी यायच्या आधी."

"आणतो."

त्याला हायसं वाटलं, आणि वाटलं याचीच शरम वाटली. तिने चष्मा काढला आणि डोळे टिपले. तो तिच्यासाठी पाणी ओतत असतानाच पडदा बाजूला झाला आणि एक ठेंगण्या बाई आत डोकावल्या. त्यांच्या पिशवीतून लोकरीचा गुंडा आणि दोन सुया वर आल्या होत्या.

"अगंबाई, इथे आहात होय? मी खालचे दोन मजले धुंडाळून आले. मंगळवारी तुम्ही बाकावर दिसला नाहीत, कालही नाही, तेव्हाच म्हटलं काहीतरी झालं. तुमच्या शेजारणीने सांगितलं."

"या, बसा," बहीण म्हणाली. "हा माझा भाऊ. बाळ, या आमच्या केंद्रातल्या. आम्ही एकाच बाकावर बसायचो. माझ्यानंतर पंधरा दिवसांनी आल्या."

लोकरवाल्या बाईंनी खाटेच्या कडेला टेकत बांधलेल्या पायाकडे पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली. "मी म्हटलं यांना, विष बाहेर पडायला लागलं की असा त्रास होतोच. मला पण हल्ली धूसर दिसतं. टाके चुकतात. केंद्रातले साहेब म्हणाले, चांगली खूण आहे."

बहिणीने भावाकडे पाहिलं.

"यांनाही मीच पटवलं होतं," ती म्हणाली. "यांचा मुलगा नको म्हणत होता. त्याला तो लेख दाखवायला मीच यांना माझं कात्रण दिलं. म्हटलं, बघा, एकही खूण जुळत नाही." ती थांबली. "सांग यांना."

वकील हातातला पाण्याचा पेला कुठे ठेवावा ते शोधत राहिला. बहिणीला सांगणं वेगळं, ती घरची. या बाई तिसऱ्या. बदनामीच्या कायद्याला सभा लागत नाही की छापखाना लागत नाही, तिसरा एक माणूस पुरतो. हे तो अंक निघण्याआधी लोकांना समजावून सांगायचा, बोट वर करून. त्याच्याकडे या घटकेला साक्षीदार एक, तोही सख्खा. कागद चोरून आणलेला. समोरच्या बाईंचा स्वभाव माहीत नाही, मुलगा माहीत नाही, उद्या त्या हे जाऊन कोणाला सांगतील ते माहीत नाही.

लोकरवाल्या बाई त्याच्याकडे पाहत होत्या. नीट दिसावं म्हणून डोळे बारीक करून.

त्याने सांगितलं. केंद्राचं नाव घेऊन सांगितलं. लेख कोणाबद्दल होता, त्यात काय होतं, कोणी काय बदललं आणि यंत्राची ओळ कोणी काढली, हे सगळं त्याने हलक्या आवाजात, एकही शब्द मऊ न करता सांगितलं. मधे एकदा पलीकडच्या खाटेवरचं बोलणं थांबल्यासारखं त्याला वाटलं. त्याने आवाज आणखी लहान केला नाही.

बाईंनी पिशवीतली लोकर मुठीत धरली होती. त्या म्हणाल्या, "म्हणजे धूसर दिसतं ते..."

"आज रक्त तपासून घ्या. खालीच तपासतात. मी येतो बरोबर."

"आणि घरी काय सांगू? मुलाचं तोंड मी त्या कात्रणाने बंद केलंय. आता तोंडी सांगितलं तर तो म्हणेल, आई, तुला रोज कोणीतरी काहीतरी सांगतं." त्या वकिलाकडे वळल्या. "तुम्ही वकील ना? लिहून द्याल का? तुमच्या नावाने?"

बहीण खिडकीकडे पाहत होती.

वकिलाने पाकिटाच्या पाठीमागची कोरी बाजू समोर घेतली आणि ती गुडघ्यावर ठेवून लिहायला लागला. सुरुवात केंद्राच्या पूर्ण नावाने केली. निळी इमारत लिहिली, थेंब लिहिले, मंगळवार आणि शुक्रवार लिहिले. यंत्र जमा करून घेतात, हेही लिहिलं. माझ्या बहिणीचंही घेतलं. लेखातल्या खुणा मी बदलल्या होत्या. खाली त्याने नाव घातलं आणि सनदेचा नंबर घातला. सवयीने त्याने तो कागद एकदा वरपासून खालपर्यंत वाचला. कुठली ओळ काढावी लागेल ते पाहत तो वाचत गेला, आणि प्रत्येक ओळ काढावी लागेल अशीच होती. त्याने कागद बाईंच्या हातात दिला.

त्यांनी तो डोळ्यांच्या अगदी जवळ नेऊन वाचला. वाचून झाल्यावर घडी घातली, पण ती पिशवीत ठेवली नाही.

"आमच्या बाकावर आणखी अकरा जणी असतात," त्या म्हणाल्या. "त्यांना दाखवला तर चालेल का हो?"

सव्वीस वर्षांत त्याला हा प्रश्न अनेकांनी अनेक तऱ्हांनी विचारला होता आणि त्याचं उत्तर ठरलेलं असे. तो खाटेचा कठडा धरून उठला. बाईंना खाली तपासायला न्यायचं होतं, भेटीची वेळ संपत आली होती.

"दाखवा," तो म्हणाला.